वीसच्या जागी आठ

वसमत

चि. गजानन यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर "सुई सुरू झाली" एवढं बोललास आणि लगेच हळदीचा भाव विचारलास. मनाला लागलंय, कळलं मला. मी अकरा वर्षं साखरेसाठी इन्सुलिन टोचतोय. तुझी आई म्हणाली, लिहून कळवा, फोनवर तुम्ही बापलेक नुसतं हं-हं करता.

तुझा पेन, माझी बाटली. दोन्हीत इन्सुलिनच, पण जोर वेगळा. माझ्या बाटलीत एका मिलीलिटरला ४० युनिट, तुझ्या पेनात १००. मागं दुकानदारानं लाल टोपणाच्या सिरिंजऐवजी नारिंगी टोपणाची दिली, ती १०० ची. मी वीसच्या रेघेपर्यंत भरायचो आणि आत जायचे आठ. चार दिवस साखर उतरेना, आणि आईला वाटे मी चोरून लाडू खातोय. उलटं तर जिवावरच बेततं. पेनातलं औषध माझ्या सिरिंजनं ओढलं, तर वीसच्या जागी पन्नास जातात. गावी येताना पेन विसरलास तर माझ्या डब्याला हात लावू नको, डॉक्टरला फोन कर.

माझं तीस-सत्तरचं, म्हणजे लवकर आणि सावकाश चालणाऱ्या इन्सुलिनचं मिश्रण, गढूळ. तळहातात हळू फिरवायचं, खळखळायचं नाही, आणि अर्ध्या तासानं जेवण. तुझं रात्रीचं ग्लार्जिन, दिवसभर सावकाश चालणारं इन्सुलिन, पाण्यासारखं स्वच्छ असतं. गढूळ दिसलं तर फेकून दे. जेवणाशी त्याचं देणंघेणं नाही, वेळ मात्र रोज तीच. दरवेळी नवी सुई. आधी दोन युनिट हवेत सोड, थेंब दिसला की बेंबीपासून दोन बोटं लांब टोच, दाबून दहा आकडे मोज, मग काढ. जागा बदलत राहा. मी एकाच जागी टोचत राहिलो, तिथं गाठ झाली.

तुझा ऑफिसातला मित्र आठवड्याला एकच घेतो म्हणालास, ते सेमाग्लुटाईड असेल. ते इन्सुलिन नव्हे. त्याचं त्याला.

मे महिन्यात इथं पारा ४२-४३ वर, त्यात लाइट जाते. चालू बाटली मी ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ठेवतो, महिन्याभरात संपवतो. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. येताना पेन गाडीच्या खिडकीशी ठेवू नको.

सूनबाईला अजून सांगितलं नसशील, ओळखतो तुला. आजच सांग. साखर फार उतरून घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले, तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून द्यायची कुणी?

तुझे दादा