बिल्ला खोलीबाहेर ठेवा

संपादक महोदय,
सदाशिव पेठेपासून हडपसरपर्यंत गल्लोगल्ली एक्स-रे केंद्रे आहेत. त्यांना अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. तो रुग्णांनी बेधडक विचारावा. मला जास्त काळजी वाटते ती कर्मचाऱ्यांच्या टीएलडी बिल्ल्याची, म्हणजे अंगावर किती किरणोत्सर्ग पडला हे मोजणाऱ्या बिल्ल्याची. तो शिशाच्या एप्रनच्या आत, छातीवर लावायचा असतो. काहीजण एप्रनवर लावतात, काही ड्यूटी संपल्यावर एक्स-रे खोलीतच टांगून जातात. मग अंगावर न पडलेला किरणोत्सर्ग त्यांच्या नावावर चढतो आणि चौकशी लागते. घरी विसरला, तर नोंदच नाही! कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा कडक आहे: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक), कुठल्याही एका वर्षात कमाल ३०. केंद्रचालकांनी बिल्ल्यांसाठी खोलीबाहेर, किरणांपासून लांब जागा आजच ठरवून द्यावी.

– एक रेडिओग्राफर, कोथरूड, पुणे