खेड स्टेशनावर भेटलेल्या कंडक्टरकाकांना

काका, सप्रेम नमस्कार.

त्या गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. कणकवलीला तुम्ही गाडीत चढलात आणि आमच्या समोरच्या बाकावर बसलात. एसटीत कंडक्टर होतात, आता निवृत्त आहात, एवढंच मला ठाऊक.

तारीख १४ जुलै २०२४, रविवार. संध्याकाळी दिवाणखवटीच्या बोगद्याजवळ दरड कोसळली आणि मुंबईला निघालेली आमची गाडी खेडला उभी राहिली. माझ्यासोबत ७८ वर्षांची आई. सोमवारी सकाळी ८ वाजता ठाण्यात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि ती तारीख मिळवायला मला दीड महिना लागला होता. एसटी सोडतायत, असं कुणीतरी ओरडलं. अख्खी बोगी बॅगा उचलून दाराकडे धावली. मीही आईचा हात धरून तिला ओढायला लागले.

तुम्ही बसल्या जागेवरून विचारलंत, "ताई, यातलं उद्यावर ढकलता येणार नाही असं काय आहे?"

ऑपरेशन, मी म्हटलं.

"ऑपरेशन परवा होईल. आईंचं आजचं रात्रीचं जेवण परवा होणार नाही."

काका, त्या क्षणी मला इन्सुलिनची आठवण झाली. रात्री ८ ला आईला इंजेक्शन असतं आणि त्यानंतर लगेच जेवण लागतं, नाहीतर साखर झपकन खाली येते. एसटीच्या रांगेत उभ्या उभ्या मी तिला ते टोचलं असतं आणि पुढच्या दोन तासांत तिच्या पोटात काही गेलं नसतं, तर? आजही अंगावर काटा येतो. तुम्ही डबा उघडून घावणे आणि चटणी आईपुढे ठेवलीत आणि मला म्हणालात, आधी हॉस्पिटलला फोन लावा. पलीकडच्या मुलीने दोन मिनिटांत गुरुवारची तारीख दिली. तासभर मी ज्यासाठी जीव टाकत होते, ते असं एका फोनवर सुटलं.

मग तुम्ही स्टेशनमास्तरांकडे जाऊन आलात. गाडी कधी सुटणार, हे तुम्ही विचारलंतच नाही. इथे मार्ग एकेरी, दरड उपसल्याशिवाय त्यांच्या हातात काही नाही, उगाच त्यांना का छळायचं, असं तुमचं म्हणणं. बस कुठून सुटतील आणि अजून किती येणार आहेत, एवढंच विचारून आलात. (मार्ग दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मोकळा झाला, हे मी नंतर वाचलं.)

पहिली बस तुम्ही जाऊ दिलीत, दुसरीही. आईंना कशेडी घाट उभ्याने नको, म्हणालात. मध्यरात्रीनंतरच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली. मागच्या चाकावरची सीट टाळून तुम्ही तिला मधे बसवलंत, घाट लागायच्या आधी हातावर आमसूल ठेवलंत. पोलादपूर येईपर्यंत ती झोपली होती.

सकाळी पनवेलला उतरल्यावर तुम्ही फोनवर बोलत होतात, ते कानावर पडलं. "मी नाय पोचत वेळेवर. तुम्ही उरकून घ्या, पाळणा खोळंबवू नका." विरारला तुमच्या नातवाचं बारसं होतं, त्याच सकाळी. पहिल्या बसमध्ये तुम्ही एकटे सहज उभे राहू शकला असतात. बोगीतली पोरं रडायला लागली तेव्हा तुम्ही पिशवीतून काढून वाटलात तो खाजा बारशासाठी होता, हेही मला तेव्हाच कळलं. रात्रभरात तुम्ही याचा शब्दही काढला नव्हता. मी गोंधळून काहीतरी पुटपुटले, आईने तुमच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तुम्ही लोकलकडे निघून गेलात.

ऑपरेशन गुरुवारी झालं, छान झालं. आई आता स्वतः सुईत दोरा ओवते. गाडीत शेजारी कुणी घाबरलेलं दिसलं, की मी त्यांना तुमचाच प्रश्न विचारते.

आणि आई अधूनमधून मला विचारत असते, त्या बाळाचं नाव काय ठेवलं असेल गं? हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं तर तेवढं कळवा, काका.

तुमची,
खिडकीजवळची ताई