ग्रंथपाल सर, तुमचे जाहीर आभार

आदरणीय ग्रंथपाल सर,
सप्रेम नमस्कार.

व्याख्यानांसाठी पुस्तक घेऊन मराठवाड्यात फिरणाऱ्या लेखकाला शाल-श्रीफळ सगळीकडे मिळतं. तुम्ही आम्हाला नीट वेळापत्रक आखून दिलंत. त्याची किंमत आम्हा लेखक-प्रकाशकांनाच कळते.

नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, संभाजीनगर ही गावं तुम्ही एका फेरीत बसवलीत, कारण ती एकाच रेल्वेमार्गावर आहेत. लातूर, अंबाजोगाई, केज, बीड ही फेरी वेगळी, एसटीची. दोन्हींची सरमिसळ केली की दिवस प्रवासात जातो आणि लेखक बसलेला घसा घेऊन माईकसमोर उभा राहतो.

तारखांच्या बाबतीत तर तुमचे उपकारच आहेत. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, पाठोपाठ कापसाची वेचणी. तेव्हा खेड्यात सभा नको, कॉलेजात घ्या, असं तुम्ही बजावलंत. गावात हरिनाम सप्ताह आहे का, आठवडी बाजार कोणत्या वारी, हेही आधी विचारायला लावलंत. सहाची सभा सातला सुरू झाली की शेवटची एसटी गाठणारे मधूनच उठतात, आणि त्यांच्यासोबत पुस्तकाचं गिऱ्हाईकही जातं. म्हणून वेळ चारची. भाषण 40 मिनिटं, प्रश्न 20 मिनिटं, विक्रीचं टेबल दाराशी. सत्कार दोनच. ही कात्री लावायला गावचाच माणूस हवा. पाहुण्याने सांगितलं तर लोक दुखावतात. तो वाईटपणा तुम्ही स्वतःकडे घेतलात.

200 पानी पुस्तकाच्या 40 प्रती दहा किलोच्या आसपास भरतात. एसटीत चढउतार करताना एका माणसाला एवढंच झेपतं. बाकीच्या प्रती पुढच्या मुक्कामी आधीच पार्सलने. क्यूआर कोड असला तरी सभागृहात रेंज असेलच असं नाही, तेव्हा सुटे पैसे जवळ हवेतच.

ग्रंथालयाने घेतलेल्या प्रतींच्या बिलावर पुस्तकाचं नाव, लेखक, प्रती, छापील किंमत आणि सवलत हे सगळं वेगवेगळं लिहायचं, कारण त्यावरूनच दाखल रजिस्टरला नोंद होते आणि तेच बिल ऑडिटला दाखवावं लागतं. ‘पुस्तके, एकूण इतके रुपये’ एवढंच लिहिलं की पैसे अडकतात, आणि दोष मात्र ग्रंथपालाला.

तुमच्या ग्रंथालयासाठी दोन प्रती पोस्टाने पाठवल्या आहेत. रजिस्टरला ‘भेट’ अशी नोंद करता यावी म्हणून सोबत सहीचं पत्र जोडलं आहे.

आपले,
लेखक आणि प्रकाशक