नावेतले नववे नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या संघाबरोबर इंग्लंडमधील हेन्लीच्या रॉयल रेगाटाला, म्हणजे वल्ह्यांच्या नावांच्या शर्यतींना, गेलेल्या मराठी मुलीची बातमी कालच्या अंकात क्रीडा पानावर वाचली. हेन्लीची बातमी मराठी दैनिकात तीन कॉलम छापून आली याचा आनंद ती वाचून संपेपर्यंतही टिकला नाही. या मुलीला स्वतःला वल्हे मारावे लागत नाही, अंगाने हलकी म्हणून तिची निवड झाली आणि शर्यतभर ती नावेच्या टोकाला बसून ओरडत असते, असा तिचा परिचय आपल्या वार्ताहराने करून दिला आहे. त्याहून वाईट वाटले ते सोबतचे छायाचित्र पाहून. ते कडेने असे कापले आहे की आठही वल्हेकरी पूर्ण दिसतात आणि जिच्यासाठी बातमी छापली ती कॉक्स, म्हणजे नावेचे सुकाणू धरून वल्हेकऱ्यांना हाका देणारी, चौकटीबाहेर गेली आहे. कडेला तिच्या टोपीचे टोक तेवढे उरले आहे.

चाळीस वर्षांपूर्वी पुण्यात, मुळेच्या पात्रात, मी माझ्या महाविद्यालयाच्या संघाचा कॉक्स होतो. त्यामुळे हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही.

आठ जणांची नाव सतरा-अठरा मीटर लांब असते आणि ती ज्या दिशेला धावते तिकडे आठही वल्हेकऱ्यांची पाठ असते. पुढे काय आहे हे पाहणारे माणूस नावेत एकच, ते म्हणजे कॉक्स. हेन्लीत टेम्स नदीवर एका वेळी दोनच नावा सोडतात, दोन्ही बाजूंना पाण्यावर लाकडी ओंडक्यांची हद्द बांधलेली असते आणि त्या चिंचोळ्या वाटेतून प्रवाहाविरुद्ध 2112 मीटर जायचे असते. मागून पंचांची लाँच येत असते. आपली वाट सोडून दुसऱ्याच्या पाण्यात शिरणाऱ्या नावेला ते झेंडा दाखवून इशारा देतात आणि तरीही वल्ह्याला वल्हे भिडले तर संघ बाद होऊ शकतो. सुकाणू म्हणावे तर तळहाताएवढे, आणि ते जितके वळवावे तितकी नाव अडते, म्हणून वल्ही पाण्यात असतील तेवढ्याच क्षणात ते हलक्या हाताने फिरवायचे. हे चालू असताना कोणाचे वल्हे उशिरा पाण्यात पडते आहे, दुसरी नाव किती मागे आहे, शेवटचा जोर कुठून लावायचा, हे सारे सहा-सात मिनिटांत त्या मुलीलाच ठरवावे लागते. तिच्या ज्या हाकांना आपला वार्ताहर ओरडणे म्हणतो, त्यांवर आठ जणांचा श्वास चालतो.

वजनाबद्दलही सांगतो. या खेळाच्या जागतिक संघटनेच्या नियमानुसार कॉक्सचे वजन किमान 55 किलो असावे लागते आणि कमी भरले तर तेवढा भार नावेत ठेवावा लागतो, तेव्हा नुसत्या हलकेपणावर कोणाची निवड होत नाही. कॉक्स म्हणजे फुकटचे ओझे, असे हेन्लीतही एकदा मानले गेले होते. 1868 साली ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजच्या चौघांच्या नावेतून कॉक्सने शर्यत सुटताच पाण्यात उडी घेतली, हलकी झालेली नाव सहज पहिली आली आणि संघ बाद ठरला. पुढे चौघांच्या नावा कॉक्सशिवायही धावू लागल्या हे खरे, पण आठांची नाव आजही कॉक्सशिवाय सुटत नाही.

माझा अनुभव 1984 सालचा आहे. आंतरमहाविद्यालयीन शर्यतीत शेवटचे दोनशे मीटर उरले असताना सुकाणूची डावी दोरी माझ्या हातात तुटून आली आणि नाव उजव्या काठाकडे सरकू लागली. मी बो साइडच्या, म्हणजे माझ्या उजव्या बाजूला वल्ही असलेल्या, चौघांना पूर्ण जोर लावायला आणि स्ट्रोक साइडच्या, म्हणजे डावीकडच्या, चौघांना हात सैल सोडायला सांगितले. नाव सरळ झाली तशी पुन्हा आठांची लय जुळवली. आम्ही नावेच्या पाऊण लांबीने जिंकलो. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात आमचे छायाचित्र आले आणि खाली आठ नावे छापली होती. आईने कधी शर्यत पाहिलेली नव्हती. तिने ते कात्रण हातात धरून मला एवढेच विचारले, “तू होतास ना रे नावेत?” मग तिने ते किराण्याच्या हिशेबाच्या वहीत खळीने चिकटवले आणि समासात निळ्या शाईने माझे नाव लिहिले. ती वही अजून माझ्याकडे आहे.

संघ पहिल्याच फेरीत गारद झाला, असे शीर्षकही आपण दिले आहे. हेन्लीत जो हरतो तो त्याच दिवशी स्पर्धेबाहेर जातो, तिथे दुसरी संधी नसते, हे वाचकांना सांगायला हवे होते. आणि एका हरण्याने संघ कमी ठरत नाही. 1958 साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा संघ हेन्लीत लेनिनग्राडच्या ट्रुड क्लबकडून हरला आणि त्याच महिन्यात मॉस्कोला जाऊन त्याच संघाला हरवून आला. शिवाय बातमीत दोनदा नौकाविहार हा शब्द आला आहे. नौकाविहार तलावावर सुटीच्या दिवशी करतात. पहाटे पाचला थंडीत नाव खांद्यावर घेऊन पाण्यात उतरणाऱ्यांच्या खेळाला नौकानयन म्हणतात, आणि महाराष्ट्राचे वल्हेकरी दत्तू भोकनळ 2016 साली रिओ ऑलिंपिकला गेले तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी हाच शब्द वापरला होता.

आपणास विनंती आहे की ते छायाचित्र न कापता पुन्हा छापावे आणि खाली नऊ नावे द्यावीत. त्या मुलीच्या आईला नववे नाव शाईने लिहावे लागू नये.

आपला,
एक जुना कॉक्स
कोथरूड, पुणे