लोकसंख्येचा दर स्थिर नसतो

बायबलमधील नोहाच्या प्रलयातून वाचलेल्या आठ माणसांपासून ४५०० वर्षांत आजची लोकसंख्या होते, म्हणून मानवजात तेवढीच जुनी, हा रविवारच्या अंकातील लेखाचा दावा अजिबात पटला नाही. त्यासाठी वाढीचा दर कायम वर्षाला सुमारे अर्धा टक्का धरावा लागतो. २००१ ते २०११ दरम्यान आमच्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. इथे माणसे मुंबईला गेली हे खरे, पण १९११ ते १९२१ मध्ये अख्ख्या देशाचीच लोकसंख्या घटली, ती मुख्यतः इन्फ्लुएन्झाच्या साथीने. शिवाय याच दराने प्रलयानंतर पाचशे वर्षांनी जगात शंभरही माणसे भरत नाहीत. त्या काळी एकट्या मोहेंजोदडोत हजारो लोक नांदत होते! मानववंशशास्त्राच्या अभ्यासकाचे उत्तरही कृपया छापावे.

– एक वाचक, राजापूर (जि. रत्नागिरी)