खऱ्या अभिप्रायाला नोटिशीची धमकी

महोदय,
निकृष्ट कामाबद्दल ग्राहकाने गूगलवर खरा अभिप्राय लिहिला की काही व्यावसायिक वकिलामार्फत अब्रुनुकसानीची नोटीस धाडतात आणि घाबरलेला ग्राहक तो मजकूर काढून टाकतो, हे अत्यंत संतापजनक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीसाठी २ वर्षांपर्यंत साध्या कैदेची तरतूद असली, तरी लोकहितासाठी केलेले सत्यकथन आणि इतरांच्या भल्यासाठी सद्भावनेने दिलेला इशारा हे त्याच कलमातील अपवाद आहेत. शिवाय वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. ग्राहकांनी ‘चोर’, ‘लुटारू’ असे शब्द टाळून घडले तेवढेच लिहावे, पावत्या व छायाचित्रे जपावीत. अशा ग्राहकांना मोफत कायदेशीर सल्ला देण्याची व्यवस्था शासनाने जिल्हा पातळीवर तातडीने करावी.
– एक ग्राहक, ठाणे