हेडफोन उलटा घालणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. लॅमिंग्टन रोडवर जिन्याखालचा तुमचा गाळा, टेबलावर पोटं उघडून पडलेले ॲम्प्लिफायर, बाहेर धो धो पाऊस. हेडफोनची वायर खरखरते म्हणून मी आले होते.

माझा डावा कान दोन वर्षांपूर्वी गेला. एका रात्रीत. जिथे इलाज केला तिथे शेवटी फाइल मिटत म्हणाले, "बोलणं कळतंय ना? मग झालं तर." गाण्याचं विचारलं तेव्हा हसले. हेडफोनच्या दुकानातला पोरगा त्याहून पुढचा. "मॅडम, असल्या गोंगाटात कुठल्या बाजूला काय वाजतंय, काय फरक पडतो?"

गोंगाट म्हणजे अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनचा 'फ्री जॅझ'. २१ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कमध्ये आठ जणांनी वाजवलेला, सदतीस मिनिटांचा एकच सलग तुकडा. कान गेल्यावरच मी त्याच्या वाटेला गेले. ज्यात कुणालाच फारसं काही सापडत नाही, त्यात आपल्याला थोडं कमी सापडलं तर बिघडलं कुठे, असा हिशेब. मध्ये बराच वेळ नुसते बास आणि ड्रम चालायचे, अधूनमधून कुणी हाक मारल्यासारखं. ती पोकळी मला आवडायला लागली होती. चार लोकांना तिचा अर्थही समजावून सांगितला होता. (आता त्या चौघांना तोंड कसं दाखवू?)

वायर बघायला तुम्ही हेडफोन कानाला लावलात आणि कपाळाला आठ्या पडल्या. "ताई, हे गाणं आहे की भांडण?" मी म्हटलं, मला निम्मंच ऐकू येतं, कान एकच आहे. तुम्ही 'अरेरे' केलं नाहीत. रिमोट घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला हातानेच थांबवलंत, रस्त्याचा आवाज नको म्हणून शटर अर्धं ओढलंत. "भांडण असलं तरी दोन्ही बाजू ऐकायला नकोत?" म्हणालात आणि हेडफोन उलटा करून माझ्या डोक्यावर ठेवलात.

उजव्या कानात कोलमन आला. त्याच्याच रेकॉर्डवर, पहिल्यांदा.

घरी येऊन वाचलं. चार-चार वादकांच्या दोन चौकड्या, हेडफोनच्या एकेका बाजूला एकेक. इतके दिवस मी फ्रेडी हबर्ड, एरिक डॉल्फीची बास क्लॅरिनेट, चार्ली हेडन आणि एड ब्लॅकवेल ऐकत होते. पलीकडे कोलमन, डॉन चेरी, स्कॉट लाफारो, बिली हिगिन्स वाजवत होते आणि मी त्याला पोकळी म्हणत होते. फोनमध्ये दोन्ही बाजू एकत्र करायची सोय असते, तीही तुम्हीच दाखवलीत. पैसे घेतले नाहीत.

शिकलेल्या माणसांनी माझ्या कानाचे आलेख काढले, पण तुला काय ऐकायचंय, हे एकानेही विचारलं नाही. या शहरात चालत्या लोकलमधून अनोळखी हात पुढे येतो, आपल्याला आत ओढतो आणि पुन्हा दांडा धरतो, तोंडाकडे बघतही नाही. तुमचं वागणं मला त्या जातीचं वाटलं.

वायर मात्र अजून खरखरते. त्या गडबडीत ती तशीच राहिली. शनिवारी घेऊन येते.